अकरा हजारांची खुर्ची आणि अधांतरी पाय: घरून काम करणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्यांतले बरेच जण हल्ली येतानाच सांगतात, "मॅडम, खुर्ची तर चांगलीच घेतलीय." हे प्रकरण अशाच एका ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मापं आणि खर्च मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणाचा जीव त्या आकड्यांत आहे.

पार्श्वभूमी

ताई डोंबिवली पूर्वेला राहतात. वय ३९, उंची १५१ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांना अर्धा इंच कमी. घरी नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नोकरी एका कंपनीच्या हिशेब विभागात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि काम घरी आलं. नंतर कार्यालय उघडलं, तरी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची सवलत कायम राहिली. लोकलचा तीन-चार तासांचा प्रवास वाचत असल्यामुळे ताईंना ती सोडायची नव्हती.

पहिली दोन वर्षं त्या पलंगावर उशी मांडीत घेऊन, मग जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसून काम करत होत्या. पुढे कंपनीने घरच्या फर्निचरसाठी एकदाच मिळणारे १०,००० रुपये जाहीर केले. बिल दाखवायचं, पैसे घ्यायचे. ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी दोन रात्री बसून ऑनलाइन खुर्च्या पाहिल्या. उंच पाठ, डोक्याला टेका, कमरेला फुगवटा, जाळीदार कापड, वर भरपूर तारे आणि 'बिफ्मा प्रमाणित' असा शिक्का. किंमत ११,५०० रुपये. वरचे दीड हजार खिशातून घातले.

खुर्ची आली, मिस्टरांनी रविवारी जोडली आणि पहिले तेच तासभर बसले. त्यांची उंची १७५ सेंटीमीटर. "मस्त आहे," म्हणाले. खोका त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याकडे गेला.

तक्रार काय होती

दीड महिन्यानंतर ताई माझ्याकडे आल्या. दुपारी तीननंतर कंबर भरून येते, उजवा खांदा मानेपर्यंत ओढल्यासारखा दुखतो आणि संध्याकाळी मांड्यांच्या मागे बधिरपणा येतो, अशा तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. कंबरेच्या दुखण्याला त्यांनी दहापैकी सहा गुण दिले.

काळजीची लक्षणं मी आधी तपासली. गुडघ्याच्या खाली उतरणारी कळ, पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही नव्हतं. असतं तर खुर्चीची चर्चा बाजूला ठेवून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

आणि इथे माझी चूक झाली. खुर्ची चांगली आहे असं त्या म्हणाल्या आणि मी ते मानलं. कंबरेचे, खांद्याचे व्यायाम दिले, ताठ बसायला सांगितलं. तीन आठवडे त्यांनी ते मन लावून केले. सकाळी बरं वाटायचं, दुपारी तीनला पुन्हा तेच. तिसऱ्या भेटीत त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "मॅडम, एक वाईट सवय आहे माझी. खुर्चीवरसुद्धा मी मांडी घालूनच बसते. त्यानेच होत असेल ना?"

त्या वाक्यावर मी थांबले. दिवसभर मांडी का घालावीशी वाटते? मी त्यांना सांगितलं, आज घरी गेल्यावर मुलाला बाजूने एक फोटो काढायला सांगा. फोटोसाठी नीट बसू नका, रोज बसता तशाच बसा.

फोटोत काय दिसलं

दोन फोटो आले. पहिल्यात ताई मांडी घालून, पाठ टेकवून बसलेल्या. दुसऱ्यात पाय खाली सोडलेले, पण ते जमिनीला लागत नव्हते. टाचा हवेत, फक्त चवडे फरशीला स्पर्श करत होते. पाय टेकावेत म्हणून त्या बैठकीच्या कडेवर सरकल्या होत्या आणि पाठ टेक्यापासून वीतभर लांब होती. हात मात्र वर, कारण समोर जेवणाचं टेबल.

मांडी ही सवय नव्हती. पाय लोंबकळत राहण्यापेक्षा शरीराने शोधलेली ती सोय होती. ती मोडून मी त्यांना ताठ बसायला सांगत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आम्ही फोनवर टेप घेऊन मापं घेतली. घरात आपण अनवाणी असतो, म्हणून मापंही अनवाणी पायांनीच.

जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, म्हणजे गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंत, ३८ सेंटीमीटर. बसल्यावर पाठीमागच्या भिंतीपासून लवणीपर्यंत ४४. बैठकीपासून वाकवलेल्या कोपरापर्यंत २१. मांडीची जाडी १३.

आता खुर्ची. पूर्ण खाली केल्यावर बैठक ४६, त्या बसल्यावर फोम दबून साधारण ४४. म्हणजे लवणीपेक्षा ६ सेंटीमीटर उंच. बैठकीची खोली ५१, म्हणजे त्यांच्या मांडीपेक्षा ७ सेंटीमीटर जास्त. पाठ पूर्ण टेकली की बैठकीची कड पोटरीत रुतणार, आणि कड टाळायची तर पाठ टेकणार नाही. मांड्यांमागच्या बधिरपणाचं कारण हेच. कमरेचा फुगवटा मिस्टरांच्या कमरेला बरोबर बसत होता, ताईंच्या मात्र बरगड्यांखाली. डोक्याचा टेका त्यांचं डोकं पुढे ढकलत होता.

टेबल ७६ सेंटीमीटर. आपल्याकडे सुतार ज्याला डोळे मिटून '३० इंच' म्हणतात तेच. ४४ अधिक २१, म्हणजे कोपर ६५ वर आणि टेबल ७६ वर. अकरा सेंटीमीटरची ही चढण ताईंचा उजवा खांदा दिवसातले आठ तास उचलून धरत होता.

बिफ्मा या शिक्क्याबद्दल इथे सांगायला हवं, कारण घेणाऱ्याला तो आरोग्याचा दाखला वाटतो. बिफ्मा ही अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना आहे. तिच्या नावाने खुर्च्यांची जी चाचणी सहसा सांगितली जाते, ती खुर्ची भार सोसते का, उलटत नाही ना, हजारो वेळा बसून-उठून टिकते का हे पाहते. उपयोगाची आहेच. पण खुर्ची तुमच्या मापाची आहे का, हे ती सांगत नाही.

समोर कोणते पर्याय होते

पहिला विचार खुर्ची परत करण्याचा. मुदत संपली होती आणि मूळ खोका नव्हता. तो रस्ता बंद.

दुसरा पर्याय, आहे ती खुर्ची वर करायची आणि पायाखाली काहीतरी द्यायचं. कोपर टेबलाच्या बरोबरीला यायला बैठक पूर्ण वर, ५६ पर्यंत न्यावी लागत होती. दबून ५४. म्हणजे पायाखाली १६ सेंटीमीटरचा आधार. यात खर्च जवळपास नाही, म्हणून आधी हाच करून पाहायचं ठरलं.

तिसरा पर्याय मिस्टरांचा. त्यांचं म्हणणं, जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात कार्यालयांतून निघालेल्या मोठ्या कंपन्यांच्या खुर्च्या मिळतात, तिथे जाऊ. एका रविवारी दादरला गाडी बदलून ते दोघं गेलेसुद्धा. तिथे त्यांना हर्मन मिलर या कंपनीची एरॉन दिसली. ही खुर्ची १९९४ साली आली तीच ए, बी, सी अशा तीन मापांत. खुर्चीलाही चपलेसारखा नंबर असू शकतो, हे बनवणाऱ्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं. तिथली खुर्ची मधल्या, बी मापाची होती. ताईंना ए हवी होती, आणि किंमत तशीही आवाक्याबाहेर होती. ते रिकाम्या हाताने परतले, पण त्या फेरीने ताईंच्या मनातली एक गोष्ट मिटली. "म्हणजे माझं शरीर चुकीचं नाही," असं त्या मला म्हणाल्या. उंची कमी असलेल्या बायका हे ओझं किती गुपचूप वाहतात ते मी रोज पाहते.

चौथा, लहान मापाची नवी खुर्ची. पाचवा, टेबल खाली आणणं. जेवणाच्या टेबलाचे पाय कापायला घरात कोणी तयार नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

व्यायामाचा मोठा चेंडू खुर्ची म्हणून वापरण्याची कल्पना मी लगेच बाजूला ठेवली. आठ तासांच्या हिशेबाच्या कामाला पाठीला टेका लागतो.

काय केलं

पहिला महिना आहे त्यात भागवलं. खुर्ची वर, पाठीमागे घट्ट उशी, म्हणजे बैठकीची खोली चार-पाच सेंटीमीटरने कमी झाली. पायाखाली काय घ्यायचं यावर घरात चर्चा झाली. चौरंगाची उंची जवळपास बरोबर होती, पण तो पूजेचा, त्यावर पाय ठेवणं सासूबाईंना पटणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनीच माळ्यावरून जेवणाचे दोन जुने पाट काढून दिले. एकावर एक ठेवून वर जाड पुठ्ठा, असं १५ सेंटीमीटर जमलं. नंतर सुताराकडून ६०० रुपयांत पुढे उतार असलेली लाकडी पायपट्टी करून घेतली.

दहा दिवसांत मांड्यांचा बधिरपणा गेला. कंबर सहावरून चारवर आली. पण फोन घ्यायला, दार उघडायला, कुकर बंद करायला उठायचं तर त्या उंचीवरून उतरावं लागायचं. चाकांची खुर्ची मागे सरकली की पायपट्टी पुढे राहायची. शिवाय खुर्चीचे न हलणारे हात टेबलाच्या कडेला आपटत, त्यामुळे त्या टेबलापासून लांब बसत आणि पुढे वाकत. महिनाभराने दोन तासांसाठी ठीक, आठ तासांसाठी नाही, असं आम्हा दोघींचं मत झालं.

मग नवी खुर्ची आणि नवं टेबल, दोन्ही करायचं ठरलं. निर्णय सोपा नव्हता. कंपनीचे पैसे एकदाच मिळणार होते आणि ते खर्च झाले होते. "आता परत खुर्ची?" हा प्रश्न घरात आला. मी मिस्टरांना एवढंच करायला सांगितलं: टीपॉय जेवणाच्या टेबलावर चढवा, त्यावर लॅपटॉप ठेवा आणि बारमध्ये असतात तशा उंच स्टुलावर बसून, पाय लोंबकळत ठेवून अर्धा तास टाइप करा. त्यांनी घरातल्या उंच स्टुलावर बसून ते खरंच केलं. वीस मिनिटांनी ते सुताराचा नंबर शोधू लागले.

टेबलाचं गणित असं मांडलं. ताईंच्या पायात घरातल्या २ सेंटीमीटरच्या सपाता. म्हणजे बैठक ४० हवी, कोपर ६१ वर येईल. कीबोर्ड दीड सेंटीमीटर जाड, म्हणून टेबलाचा पृष्ठभाग ६०. त्यावर कीबोर्ड साडेएकसष्टवर येतो, अर्ध्या सेंटीमीटरचा फरक चालतो. १९ मिलिमीटरचा प्लाय धरला तर खालची बाजू ५८ ला. मांडीचा वरचा भाग ४० अधिक १३, म्हणजे ५३ वर. मध्ये पाच सेंटीमीटर मोकळे. म्हणून टेबलाला खण नको आणि पुढची आडवी पट्टीही नको, हे कागदावर लिहून दिलं. जागा नसल्यामुळे भिंतीला घडीच्या ब्रॅकेटवर बसणारं, १०० बाय ६० सेंटीमीटरचं टेबल ठरलं.

इतकं लिहून देऊनही सुताराने ब्रॅकेट ३० इंचांवर ठोकले. त्याला तो कागद चुकीचा वाटला, आणि मॅडमना काय कळतं म्हणून त्याने हाताच्या सवयीने माप घेतलं. ताई घरी आल्या तेव्हा भिंतीत आठ भोकं पडलेली होती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून, त्याच्यासमोर बसून, कोपर कुठे येतं ते दाखवलं. ते पाहिल्यावर त्याने काही न बोलता ब्रॅकेट खाली घेतले. आता कुणी सुताराला माप देणार असेल तर मी सांगते, आकडा देऊ नका, बसून दाखवा आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून घ्या.

खुर्चीसाठी ताई टेप घेऊन डोंबिवलीतल्याच एका दुकानात गेल्या. मी त्यांना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या. पाठ पूर्ण टेकलेली असताना बैठकीची कड आणि लवण यांत दोन-तीन बोटं जातात का? कमरेचा आधार वर-खाली होतो का? मागे रेलल्यावर खुर्ची टेका देत मागे येते का? आणि प्रत्येक खुर्चीत किमान पंधरा मिनिटं बसायचं, दुकानदार कितीही बघत उभा राहिला तरी.

चौथी खुर्ची जमली. मध्यम पाठीची, डोक्याचा टेका नसलेली, दुकानात 'ऑपरेटर चेअर' म्हणून मागे ढकललेली. बैठकीची खोली ४१, कमरेचा फुगवटा पुढे येतो ते धरून प्रत्यक्षात ३९. किंमत ९,२०० रुपये, पहिलीपेक्षा कमीच. अडचण एक होती. सर्वांत खाली केली तरी बैठक ४५ वर. इथे दुकानातल्या दुरुस्तीवाल्या मुलाने उपाय सुचवला, आणि मी तो तेव्हापासून अनेकांना सांगते. खुर्ची वर-खाली करणारी गॅस लिफ्ट वेगवेगळ्या लांबीची मिळते आणि बदलता येते. त्याने ९०० रुपयांत आखूड लिफ्ट बसवून दिली. बैठक ४१ ला आली, बसल्यावर ४०.

खुर्चीचे हात मी काढून टाकायला सांगितले. चार बोल्टचं काम. टेबल योग्य उंचीला असलं की हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकतो आणि खुर्चीच्या हातांची गरज उरत नाही. दुसरं कारण मांडीचं. दिवसात दोन-तीनदा थोडा वेळ मांडी घालायला आता माझी हरकत नव्हती, आणि हात असले की गुडघे अडतात.

लॅपटॉपसाठी ७०० रुपयांचा स्टँड आणि १,५०० रुपयांचा वेगळा कीबोर्ड-माऊस घेतला. पडदा आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले असताना मान किंवा खांदा, दोघांपैकी एकाला त्रास होणारच. टेबलासाठी सुताराचे ४,२०० रुपये झाले. पायपट्टी धरून आणि पहिल्या खुर्चीचे दीड हजार सोडून, खिशातला एकूण खर्च १७,१०० रुपये.

ताईंनी एक प्रश्न विचारला होता, तो बऱ्याच जणांचा असतो. पाठ अगदी काटकोनात ठेवायची ना? नाही. स्वीडनचे संशोधक नाखेमसन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत मणक्यांमधल्या चकतीतला दाब मोजला, तेव्हा टेक्याविना बसताना तो उभं असण्यापेक्षा जास्त आढळला. तेव्हापासून बसणं म्हणजे पाठीचा शत्रू, असं पसरलं. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक ठेवून पुन्हा मोजलं. उभं असताना ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), टेक्याविना सैल बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत मागे रेलून बसल्यावर ०.२७. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पण मागे टेकलं की पाठीचा भार खुर्ची घेते, हे माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतं. ताईंची पाठ आम्ही १०० ते ११० अंशांच्या मध्ये ठेवली.

परिणाम

नव्या मांडणीनंतर आठ आठवड्यांनी कंबर दोनवर आली. व्यायाम चालूच होते, आणि आता त्यांचा फायदा दुपारी तीननंतरही टिकत होता. पाण्याची बाटली ताईंनी टेबलावरून उचलून स्वयंपाकघरात ठेवली, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने उठणं आपोआप व्हायला लागलं.

खांद्याने मात्र वेळ घेतला. तीन महिने. वर्षभर उचलून धरलेला खांदा टेबल बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी खाली येत नाही, तो पुन्हा शिकवावा लागतो.

मार्चअखेरीला, अकरा-अकरा तास काम असताना, कंबर पुन्हा चारवर गेली. ताई घाबरल्या, खुर्ची बिघडली का म्हणून विचारायला आल्या. खुर्ची ठीक होती, तास जास्त होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुखणं उतरलं.

पहिली खुर्ची मिस्टर वापरतात. त्यांना ती आजही आवडते.

आज वेगळं काय केलं असतं

माझ्या बाजूने, पहिल्याच भेटीत फोटो मागितला असता. त्याने ताईंचे तीन आठवडे वाचले असते. आता कंबरेच्या दुखण्यासाठी बसून काम करणारं कोणीही आलं की पहिल्या फोनवरच मी बाजूने काढलेला फोटो मागते आणि वर ती चार मापं.

ताईंच्या बाजूने मुख्य निर्णय खोका फेकण्याआधीचा होता. जिला रोज बसायचं आहे तिने निदान दोन पूर्ण दिवस काम करून पाहायला हवं होतं, आणि तोवर खोका ठेवायला हवा होता. त्या रविवारी खुर्चीची परीक्षा दिली ती १७५ सेंटीमीटरच्या माणसाने. दुसरं, टेबल आधी आणि खुर्ची मग असा क्रम असता तर कंपनीचे १०,००० रुपये दोन्हींसाठी मिळून वापरता आले असते, वर चार हजारांच्या आसपासच भर घालावी लागली असती. आम्हीही तो क्रम थेट धरला नाही. महिनाभर जुन्या खुर्चीला सावरत बसलो, कारण नुकतीच घेतलेली वस्तू चुकीची आहे हे घरात बोलायला वेळ लागतो. तो महिना फुकट गेला असं मी म्हणणार नाही. पायाखालच्या पाटांनी दहा दिवसांत जो फरक दाखवला, त्यामुळेच पुढच्या खर्चाला घरातून होकार आला.

एका गोष्टीवर माझं मत अजून पक्कं नाही. ६० सेंटीमीटरचं टेबल फक्त ताईंसाठी आहे. मुलगा सध्या त्यावर गृहपाठ करतो आणि त्याला ते छान बसतं, पण दोन-तीन वर्षांत त्याचे गुडघे खाली अडतील. उंची बदलता येणारं टेबल तेव्हा परवडणारं नव्हतं. ब्रॅकेट पुन्हा वर घेता येतील म्हणून भिंतीतली ३० इंचांवरची ती आठ भोकं मी बुजवू नका म्हटलं आहे.

आठवड्यातले दोन दिवस कार्यालयातली खुर्ची आणि टेबल ताईंना अजूनही उंच पडतात. सुताराने केलेली लाकडी पायपट्टी आता तिथे त्यांच्या टेबलाखाली असते. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी तिचं माप मागून घेतलं, तेव्हा ताईंनी त्यांना आधी स्वतःची लवण मोजायला सांगितली.